रीडिंग

तेहतीस वर्षं मीटर वाचले.
सक्करदरा ते हुडकेश्वर, जिन्याखाली, न्हाणीच्या मागे,
आधी फाटकातून विचारून : कुत्रं बांधलं का?
आता मीटर आपलं आपणच सांगतो, कुठेतरी, हवेतून.
माझ्याकडे उरली ती सवय.
आकडा दिसला की ओठ हलतात.

पुतण्याने फोनमध्ये नकाशा टाकून दिला.
म्हणाला, काका, याला मालक नाही,
ज्याने पाहिलं त्याने लिहायचं.
रस्ते काढून झालेत, नावंही बरीचशी.
वेगाचे रकाने रिकामे आहेत.

म्हणून सकाळी सहाला, ऊन पेटायच्या आत,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
सुनेची गुलाबी स्कूटी
उमरेड रोडला लावतो आणि पाट्या वाचतो.

चाळीस. लिहिले.
पुढच्या पाटीवर कोणाचा तरी वाढदिवस,
गॉगल घातलेले अकरा शुभेच्छुक.
कोपरा उचकटला तर शून्य निघालं.
त्याच्या डावीकडे काय आहे
ते अकरा जणांनी दाबून धरलेलं.
नुसत्या शून्यावर काय लिहिणार बाप्पा?
सोडून दिलं.

नोकरीत घर बंद असलं की सरासरी लागायची.
मागच्या तीन बिलांवरून
कुलपाच्या माथी युनिटं.
इथे सरासरी चालत नाही.
पाटी नाही तर रकाना मोकळा,
अंदाज आपल्या घरी ठेवायचा.
हे मला आवडलं.
थोडं लागलंही.
देवतळेबाई पोरीच्या बाळंतपणाला यवतमाळला होत्या,
चार महिने एक दिवा लागला नव्हता त्या घरात,
आणि मी बिलावर बोट ठेवून म्हटलं होतं,
नियम आहे.

दिघोरीच्या पुढे, नाल्याच्या पुलाआधी,
मी तीस लिहिले.
दुसऱ्या दिवशी 'मोहफूल' नावाच्या कोणीतरी
त्याचे पन्नास केले.
मी तीस. त्याने पन्नास.
मी लिहिलं : भाऊ, उभं राहून वाचलं आहे.
उत्तर आलं : मी पण.
काहून खोटं बोलून राहिला असेल हा, म्हणत
रात्री दोनदा पाणी प्यायलो.

रविवारी गेलो.
पुलाच्या पलीकडे एक पोरगी, गाडी स्टँडवर,
हेल्मेट हातात, फोटो काढत होती.
प्रांजू मडावी. ट्रॅक्टरच्या शोरूमात हिशेब बघते,
कुहीहून रोज येते.
मोहफूल तुम्हीच का, असं विचारायला
मला जरा लाजच वाटली.

तिने बोलावलं, रस्ता ओलांडून गेलो.
माझी पाटी तिथून नुसता गंजका पत्रा दिसत होती,
पाठ फिरवलेली.
आणि तिची पाटी, कुहीकडे तोंड करून :
पन्नास. स्वच्छ. लाल वर्तुळात.

रस्ता एकच.
जाताना तीस, येताना पन्नास.

शहर सोडणाऱ्याने सावकाश जावं
आणि आत शिरणाऱ्याने घाई करावी,
ही अक्कल कोणाची? मी विचारलं.
ती म्हणाली, कोणाची का असेना काका,
आपण वाचणारे.
मग दाखवलं : इथे दिशेप्रमाणे वेगळं भरता येतं.
एक रकाना जाणाऱ्याचा, एक येणाऱ्याचा.
साठाव्या वर्षी हे कळलं.
तेवढ्यात कोळशाचा एक ट्रक ऐंशीने गेला,
दोन्ही पत्रे थरथरले,
आमच्या दोघांच्या तोंडात धूळ.

तिने येताना भरलं, मी जाताना.
टपरीवर चहा. पैसे तिने दिले,
माझे सुटे निघेपर्यंत.

परत येताना पहिल्यांदा
काट्याकडे पाहिलं : अठ्ठावीस.
ओठ हलले. हे कुठे लिहायचं नसतं.

आमच्या गल्लीत पाटी नाही.
कोपऱ्यावर देवतळेबाईंचं घर,
फाटकाला कुलूप, पायरीवर
तीन दिवसांचे पेपर.
गाडी बंद करून
तिथून पुढे ढकलत नेली.